न्यूट्रलमधली नासपती

डिसेंबर लागला की आमचे शेजारी दगूनाना स्कूटरवरून बर्फाची लादी आणतात, फोडतात आणि अंगणातल्या नासपतीच्या बुंध्याशी पसरतात. वर पोत्याचं पांघरूण. मग इस्त्रीवाला असो, दूधवाला असो की मी, सगळ्यांना एकच ताकीद, "हळू बोला, झाड न्यूट्रलला हाय."

मी बँकेच्या काउंटरवर तीस वर्षं काढली आहेत. माझा आवाज हळू होत नाही. शिवाय सकाळी सकाळी माझ्याच दारात मला कुणी गप्प केलेलं खपतही नाही. पण नानांशी भांडायची सोय नाही. "ताई, झोपल्या गाडीला गेर टाकू नका," म्हणतात आणि पोतं सारखं करतात.

नाना मूळचे लासलगावकडचे. उमेदीची सगळी वर्षं कांद्याचा ट्रक घेऊन हिमाचलापर्यंत गेले, येताना सफरचंदं भरून आले. ट्रक सुटला, ट्रकची भाषा काही सुटली नाही. बायको गेल्यापासून मखमलाबाद रोडच्या आमच्या कॉलनीत एकटेच राहतात. अंगण एवढंसं, त्यात आंबा, पेरू, डाळिंब, दोन गुलाब आणि ही नासपती. प्रत्येकावर कशाचं तरी कलम बांधलेलं. बांधायला पट्टी कसली, तर पंक्चरवाल्याकडच्या जुन्या ट्यूबची. त्यांच्या एका आंब्याला तीन जातींचे आंबे लागतात, हे मात्र खरं. एकदा पेरूवर नासपती चढवून पाहिली. महिनाभरात काडी वाळली. "ह्या गाडीचा पार्ट त्या गाडीला बसत नाय," म्हणाले आणि विषय संपवला.

नासपती हे थंड मुलुखाचं झाड. हिवाळ्यात पानं टाकून गाढ झोपलं तर पुढे फुलणार. नाशकात त्याला पुरेल एवढी थंडी कुठली? पानं गळेनात, म्हणून नाना शिडी लावून एकेक पान हातानं खुडतात. माझा भाचा शेतकी कॉलेजात शिकवतो. तो म्हणाला, मावशी, बर्फानं फक्त माती ओली होते. मी ते नानांच्या कानावर घातलं. "त्याला म्हनावं, मी तुझ्या कॉलेजात शिकलो नाय," असं उत्तर आलं. एवढा खटाटोप करून फळं किती, तर एखाद्या वर्षी तीन-चार, तीही दगडासारखी. कॉलनीतल्या बायका विचारायच्या, "नाना, नासपती कधी खायला घालताय?" नाना नुसते हसायचे. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला काहीतरी खूळ लागतं, त्यातलंच हे.

गेल्या डिसेंबरात त्यांच्या बहिणीकडे लग्न निघालं. दोन दिवसांसाठी जाताना मला म्हणाले, "ताई, तेवढं झाड बघा." आणि नेमकी थंडीची लाट आली. मी निफाडकडची, द्राक्षवाल्याची मुलगी. असा गारठा पडला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, नाहीतर मणी तडकतात, हे मला लहानपणापासून पाठ. पाचला उठले, शाल गुंडाळली, काटक्या आणि पाचोळा गोळा केला आणि नासपतीच्या दोन्ही बाजूंना मस्त जाळ केला. नानांचं झाड वाचवलं म्हणून स्वतःवरच भलती खूश होते. चहा ठेवायला आत आले, तेवढ्यात वाऱ्यानं एका बाजूचा जाळ फांद्यांवर गेला. पाण्याची बादली घेऊन धावेपर्यंत अर्धं झाड होरपळलं.

नाना दुपारी आले. पिशवी खाली ठेवायच्या आतच मी सगळं कबूल करून टाकलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी प्रत्येक फांदीची साल नखानं खरवडून पाहिली. "ह्या बाजूचे डोळे गेले, आता हितून कोंब फुटायचा नाय," म्हणाले आणि पायरीवर बसले. मग सांगायला लागले.

तरुणपणी एकदा बर्फानं घाट बंद झाला, तेव्हा मेहरसिंग नावाच्या बागवाल्यानं नानांना वीस दिवस घरात ठेवून घेतलं होतं. नाना तापानं फणफणलेले. मेहरसिंगच्या आईनं पोटच्या पोरासारखं केलं. कलम बांधायलाही ते तिथंच शिकले. निघताना मेहरसिंगनं घरच्या नासपतीचं एक रोप केबिनमध्ये ठेवून दिलं. त्याच्या आजोबांनी जपलेली जात होती ती. आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात डोंगर खचून मेहरसिंगची अख्खी बाग दरीत गेली.

"फोन आला व्हता," नाना म्हणाले. "म्हनला, दगू, तुझ्याकडं हाय का रे ती? आता दुसरीकडं कुठंच नाय. काडी झोपलेली पायजे ताई, तरच तिकडं जाऊन लागंल. जागी काडी वाटंतच मरती."

"आणि फळं?" मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"फळं काय, बाजारात मिळत्यात."

मला इतकी लाज वाटली की घरी येऊन मी रडले.

वाचलेल्या बाजूच्या नऊ काड्या निघाल्या. जानेवारीत नानांनी त्या कापल्या, मी माझ्या सुती साडीच्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या. उत्तरेकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रकच्या ड्रायव्हरला नानांनी तीनदा बजावलं, इंजिनाजवळ ठेवू नको. मग फोनची वाट बघणं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. नाना फोन हातातच धरून बसायचे. मी रोज कढीपत्ता मागायच्या निमित्तानं डोकावायचे, पण विचारायची हिंमत व्हायची नाही.

एप्रिलमध्ये मेहरसिंगच्या सुनेचा व्हिडिओ कॉल आला. आठ काड्या वाळल्या होत्या, एक लागली होती. पडद्यावर लोकरी टोपीतला एक म्हातारा जमिनीलगत बोट दाखवत होता. नानांना नीट दिसेना. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"तुमी बघा. हिरवं हाय?"

"हिरवं आहे नाना. पानं फुटलीत."

"किती?"

"दोन."

"नीट मोजा ताई."

मी परत मोजली. "दोन."

नाना फोनवर वाकले. "मेहर," ते म्हणाले, "ये ताई दो बोल रही है. तू भी गिन."

तिकडे मेहरसिंग खाली बसला आणि मोजायला लागला.