नमुना क्रमांक चार

रुचिकाने ठरवलं होतं ते अगदी एवढंसं. लेकीला टिकल्यांचं पिस्तूल घ्यायचं आणि त्यात भरायच्या टिकल्या कमीत कमी धुराच्या शोधायच्या. एवढ्यावरून कॉलनीची चाळीस हजार लिटरची टाकी रिकामी व्हायची वेळ येईल, हे एम. एस्सी. केमिस्ट्रीच्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं. (असेलही. तिला सेकंड क्लास होता.)

त्रिशला सहा वर्षांची. थंडी लागली की तिची छाती वाजते. गेल्या दिवाळीत गल्लीतली पोरं फटाफट टिकल्या उडवत होती आणि ही काचेला नाक लावून उभी. "खिडकीतून बघ बेटा, खिडकीतूनही सगळं छान दिसतं," असं रुचिका तिला म्हणाली, आणि ते वाक्य वर्षभर तिच्याच घशात अडकून बसलं. यंदा तू स्वतः पिस्तूल चालवशील, असा तिने लेकीला शब्द दिला होता.

अडचणी दोन. एक छाती, दुसऱ्या सासूबाई. अंगुरीबाईंच्या घरात दिवाळीला महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढतो, दिवे लागतात, पण किडामुंगी मरते म्हणून चार पिढ्यांत फटाका फुटलेला नाही. टिकली हा फटाका आहे का, हे त्यांना विचारायचं कोणी? मयंकला, म्हणजे नवऱ्याला, तिने गळ घालून पाहिली. तो म्हणाला, "तू विचार मम्मीले. मले दुकान उघडायचं हाय." तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते.

मग ती एकटीच मालेगावच्या बसस्टँडजवळ सेवालालच्या फटाक्यांच्या दुकानात गेली.

"स्वच्छ जळणारी बारूद कोणत्या टिकलीत असते?"

सेवालालने तिच्याकडे नीट पाहिलं. "ताई, बारूद हाय ही. अगरबत्ती नोय."

"म्हणजे काजळी कमी धरणारी."

"लोकं इचारते, आवाज कोणाचा मोठा. काजळीची फिकर करणाऱ्या तुमीच पहिल्या. असं करा, पाचही जातीच्या डब्या न्या अन् घरी जाऊन हुंगा."

तो चेष्टा करत होता. रुचिकाने ती सूचना समजून पाचही डब्या घेतल्या.

दुपारी सासूबाई प्रवचनाला गेल्या की प्रयोग सुरू. त्रिशलाला शेजारी तुळसाबाईंच्या नातवाकडे खेळायला धाडायचं, बाथरूमचं दार लावायचं, आवाज दबावा म्हणून बादलीत नळ सोडायचा आणि पिस्तुलाच्या तोंडापुढे वीतभरावर पांढरं कापड धरून दहा टिकल्या उडवायच्या. डाग जितका काळा तितकी बारूद वाईट. धूर निसटू नये म्हणून खिडकीही बंद. (निष्कर्ष अचूक यायला हवेत.)

कापड मात्र घट्ट विणीचं, पांढरंशुभ्र हवं होतं, आणि घरात तसं एकच होतं: छन्ना, पाणी गाळायचं कापड. या घरात न गाळलेल्या पाण्याचा थेंब कोणी तोंडाला लावत नाही. सासूबाईंनी डझनभर नवे छन्ने शिवून ठेवले होते. त्यातल्या एकाने काय होतंय, असं तिला वाटलं. (तिला असं वाटलं की नेहमीच काहीतरी होतं.)

चार दिवसांत पाच डाग उमटले. प्रत्येकाखाली तिने न पुसणाऱ्या पेनाने नोंद केली. नमुना १: अतिशय घाण. नमुना २: सडका वास. नमुना ३: डोळे चुरचुरतात, मुलांना मुळीच देऊ नये. नमुना ५: यांच्यावर केस व्हायला पाहिजे. आणि नमुना ४? चहाच्या कपाखाली उमटावा तेवढा फिका डाग. 'मुलांना चालेल' असं लिहिताना तिचे डोळे भरून आले. (थोडे आनंदाने, बरेचसे धुराने.)

पुरावा टाकवेना, पण त्याला वास येत होता. म्हणून तिने छन्ना गच्चीवर दोरीला चिमटा लावून टांगला.

शेजारच्या गच्चीवर तुळसाबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

रुचिकाचे सासरे नथमलजी कॉलनीच्या पाणी समितीचे अध्यक्ष. त्यांच्या घरचा छन्ना म्हणजे अख्ख्या कॉलनीच्या पाण्याचा रिपोर्ट, हे तुळसाबाईंना पक्कं ठाऊक होतं. पाच वाजता आपले यजमान हिरालाल आणि सात बायका यांना घेऊन त्या नथमलजींच्या ओट्यावर हजर झाल्या. हातात दोरीवरून काढलेला छन्ना.  आठच दिवसांपूर्वी नथमलजींनी स्वतः उभं राहून टाकी धुऊन घेतली होती.

"काकाजी, टाकी धुतली म्हणता, मंग पाण्यातून हे काय निंगालं?"

नथमलजींनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या नमुन्यापाशी त्यांनी कापड डोळ्यांजवळ नेलं. "हे अक्षर तर आपल्या रुचिकाचं हाय."

"शिकेल सून हाय तुमची," तुळसाबाई म्हणाल्या. "चार दिसापासून बाथरूमात नळ सोडून तपासून राह्यली. मले ऐकू येते नं. बिचारी सासऱ्याची इज्जत जाऊ नये म्हणून चूप बसली."

सातही बायकांनी रुचिकाकडे आदराने पाहिलं. लग्नानंतर तिच्या केमिस्ट्रीला मिळालेला तो पहिला मान. खरं सांगायला तिने तोंड उघडलं, आणि आला फक्त खोकला. दोन दिवस घसा धरलाच होता. तिला वाटलं, हवा बदलली.

"पाह्यलं?" तुळसाबाई म्हणाल्या. "सांगता बी येऊन नाही राह्यलं तिले."

नथमलजी उठून उभे राहिले. "हिरालाल, टाकी सोडा. सगळं पाणी सोडून द्या. अन् समितीले सांगा, दुसरा अध्यक्ष पाहा."

दिवाळी परवावर आलेली. टाकी पुन्हा भरायला चार दिवस. पण हिरालालभाऊ पाना उचलून निघालेसुद्धा. खोकत खोकत रुचिका त्यांच्या मागे धावली.

"थांबा भाऊ. पाणी चांगलं आहे. ती बारूद आहे."

"पाण्यात बारूद?" हिरालालभाऊंनी पाना अलगद खाली ठेवला आणि ते चार पावलं मागे सरले.

मग सगळंच सांगावं लागलं. पिस्तूल, पाच डब्या, बंद बाथरूम. अंगुरीबाई दारात उभं राहून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी छन्ना हातात घेतला.

"नवा होता नं हा?"

"हो, मम्मीजी."

"जुनं धोतर मागितलं असतं तर मी दिलं नसतं काय?" त्यांनी छन्न्याची घडी घातली. "अन् मी फटाक्याले नाही म्हणते. टिकलीचं मले कोणी इचारलंच नाही. जागा झाडायची, मुंगी पाह्यची, मंग उडवायची."

"पण मम्मीजी, तिची छाती..."

"मले काही नाही होत," तुळसाबाईंच्या पदरामागून त्रिशला बोलली. "आमी दोघं चार दिवसापासून यांच्या ओट्यावर गोट्यानं टिकल्या फोडून राह्यलो."

"कोणत्या?"

"लाल डबीतल्या."

लाल डबी म्हणजे नमुना १.

रुचिका तिला तशीच उचलून डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी त्रिशलाची छाती तपासली, अगदी मोकळी. मग, समोर कोणीतरी सारखं खोकतंय म्हणून, त्यांनी रुचिकाची तपासली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"बंद खोलीत धुरात बसला होतात का?"

"थोडंसं. अभ्यासासाठी."

त्यांनी तिला श्वासाचा पंप दिला, आणि पंधरा दिवस धुराजवळ जायचं नाही, अशी ताकीद.

दिवाळीच्या संध्याकाळी त्रिशलाने आजीसोबत ओटा झाडला. उकिडवी बसून मुंग्या शोधल्या, एक सापडली ती पानावर घेऊन कुंडीत सोडली, नमुना क्रमांक चार पिस्तुलात भरला आणि घोडा ओढला. फट. नथमलजींनी टाळी वाजवली. पुढचा नंबर तुळसाबाईंनी लावला.

बंद काचेआड उभ्या रुचिकाने पाच मिनिटं धीर धरला, मग हळूच खिडकीच्या कडीला हात घातला. आवाज ऐकून त्रिशला पिस्तूल घेऊन खिडकीशी आली आणि बाहेरून काचेला नाक लावून म्हणाली, "मम्मी, खिडकीतून पाह्य. खिडकीतूनबी सगळं छान दिसते."