वर्तुळ मंजूर, त्रिकोण दोषी

मुलांनो, डोळे मिटा आणि एक त्रिकोण आणा नजरेसमोर. आता त्याच्या पोटात एक वर्तुळ ठेवा, तिन्ही बाजूंना अलगद टेकणारं. जमलं? शाबास. तुम्हाला जे चुटकीसरशी जमलं, ते शिक्षणखात्याला समित्या नेमूनही जमलं नव्हतं.

खात्याने शाळेला अध्यापनासाठी लाकडी संच पाठवला. त्रिकोणाची चौकट एका विभागाने बनवून घेतली, आत बसवायची चकती दुसऱ्याने. दोन्ही विभागांचं आपसात बोलणं नव्हतं. चकती चौकटीत मावेना.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून सगळे तिला पणपण म्हणत. गणिताच्या खास वर्गात एकच जागा रिकामी होती आणि पणपणचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता. दुसऱ्या दिवशी तपासनीस येणार होते. तोंडी परीक्षा घेऊन तेच निवड करणार होते.

"पण बाई," ती म्हणाली, "कोनांचे दुभाजक भेटतात तिथून बाजूपर्यंतचं लंब अंतर मोजू, आणि चकती तेवढ्या त्रिज्येची कापू. बरोब्बर बसेल."

बाईंचा चेहरा उजळला. मुख्याध्यापकांचा उतरला.

"चकतीवर खात्याचा शिक्का आहे. शिक्क्याला करवत लावायची? चौकटीवर शिक्का नाही. अर्थात दोष त्रिकोणाचा."

शिपायाने हातोड्याने चकती आत ठोकली. बाजू धनुष्यासारख्या बाहेर वाकल्या, कोपरे फाकले. बाईंनी कोनमापक लावला आणि त्यांना घाम फुटला.

"सर, बेरीज एकशे पंच्याण्णव भरतेय! ती एकशे ऐंशी असते."

"असायची," मुख्याध्यापक गंभीरपणे म्हणाले, "संच येण्यापूर्वी."

दुपारपर्यंत नवं प्रमेय फळ्यावर चढलं आणि वर्ग ते एका सुरात घोकू लागला. बाईंची नोकरी अजून कायम व्हायची होती. घोकणाऱ्यांत त्यांचाच आवाज सर्वांत मोठा होता.

"पण आई," पणपण घरी रडकुंडीला आली, "बाजू वाकल्या की तो त्रिकोण राहतच नाही गं!"

"नाही तर नाही. तुझं काय घोडं मारलंय त्याने? साहेबांना हवं ते सांगून टाक. एकदा जागा मिळाली की बस तुझं खरं गणित मांडत."

तपासनीस आले. फुगलेला त्रिकोण त्यांनी कौतुकाने कुरवाळला.

"सांग बाळ, तिन्ही कोनांची बेरीज किती?"

पणपणने बाईंकडे पाहिलं. बाई जमिनीकडे पाहत होत्या. दाराशी उभ्या आईने डोळ्यांनी दटावलं.

"एकशे पंच्याण्णव."

टाळ्यांचा कडकडाट झाला. जागा तिला मिळाली.

का हो, तोंड का पडलं तुमचं? पोरगी ताठ मानेने एकशे ऐंशी म्हणेल असं वाटलं होतं ना? वाटणारच. खरं बोलायला आपल्याला नेहमी दुसऱ्याचंच पोर हवं असतं.

पणपण आपल्या बाकावर येऊन बसली. शेजारची मैत्रीण वहीत हळूच एकशे ऐंशी लिहीत होती. पणपणने तिच्या हातातलं खोडरबर घेतलं, आकडा नीट खोडला, कागदावरची भुकटी फुंकरीने उडवली आणि मायेने म्हणाली, "वेडाबाई, असं नसतं लिहायचं."