लाल-काळ्या फितीचे कोरगावकर

माझ्या मेहुणीच्या लग्नाची पत्रिका विष्णू कोरगावकरांनी मला दुरुस्त करून परत दिली. पत्रिका छापून, हळदकुंकू लावून, निम्म्याहून जास्त वाटून झाली होती. तरीही तिच्यावर पेन्सिलीने सात खुणा होत्या.

"मळीकबाब, राग मानू नकात. पण नवऱ्याचा नाव जाड टायपात आणि नवरीचा बारीक, ह्या कित्या? दोघा वेगवेगळ्या मांडवात उभी रवतली काय?"

"छापखान्याने केलं ते," मी म्हणालो.

"आणि हय मुहूर्ताखाली रेघ आसा, पत्त्याखाली नाय. माणूस वेळेर पावतलो, पण खय?"

पत्रिका घरी नेऊन बायकोला दाखवली. ती सातही खुणा बघून म्हणाली, "खरंच की हो." नंतर ती पत्रिका आमच्या घरात कोणी काढली नाही.

कोरगावकर आमच्या ऑफिसचे मुख्य टायपिस्ट. टायपिस्ट एकच होता, त्यामुळे मुख्यही तेच. आमचे ऑफिस डिचोलीजवळ नदीकाठी, खनिजाच्या धक्क्यावर. ट्रक माती आणत, मी ते काट्यावर तोलून घेई, आणि बार्जमध्ये किती टन गेले ते कागदावर येई. तो कागद कोरगावकरांच्या मशीनमधून निघे. पेडणे तालुक्यातल्या कोरगावहून ते दोन बस बदलून येत. एका बाजूला एक तास पन्नास मिनिटे. सव्वीस वर्षांत उशीर तीन वेळा, आणि तिन्ही वेळा म्हापशाची बस बंद पडली होती, हे ते स्वतःच सांगत. त्यांच्या टेबलावर दोन टाइपरायटर होते, एक इंग्रजी आणि एक मराठी, आणि दोघांच्या मधोमध सहा इंची पट्टी. खोडरबर नव्हते. "लागत नाय," म्हणत.

गोवा राज्य झाले त्या सुमाराला आमच्याकडे कॉम्प्युटर आला. जुन्या छापील कागदांवर अजून 'गोवा, दमण आणि दीव' होते. कोरगावकर त्यातल्या शेवटच्या दोन नावांवर फुल्या मारून कागद वापरत. प्रत्येक कागदावर फुल्या तेवढ्याच, अगदी एकाखाली एक. कोणी म्हणाले, रेघ मारली तरी चालेल. ते म्हणाले, "दीवच्या लोकांक काय वाटात?"

कॉम्प्युटरबरोबर पणजीच्या माणसाने चौसष्ट सुटी पाने दिली. काळ्या पडद्यावर कोणती कमांड टाइप करायची आणि मशीन त्यावर काय उत्तर देईल, ते त्यात होते. ती पाने वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी केलेली होती. मी मोजले. एकोणीस पानांवर कमांड मोठ्या अक्षरांत होती, चौदांवर अवतरणचिन्हांत, नवांवर खाली रेघ मारून, सहांवर दोनदा ठोकून जाड केलेली, पाचांवर चौकटीत आणि दहांवर काहीच न करता. उरलेल्या एका पानावर कमांडच नव्हती.

मी आकड्यांतला माणूस. मला वाटले होते, आपल्याला हे जमेल. पहिल्याच दिवशी पानावर इंग्रजीत होते, 'तारीख'. मी तोच शब्द टाइप केला. मशीन म्हणाले, चुकीची कमांड. तिथे त्या दिवसाची तारीख घालायची होती. दुसऱ्या दिवशी मी अवतरणचिन्हेही टाइप केली. तिसऱ्या दिवसापासून मी मशीनकडे न बघता पानांकडेच बघू लागलो, आणि पाने बघून जास्त गोंधळलो.

पण माझ्यापेक्षा धुम्यांचे वाईट झाले. धुमे ट्रक सोडण्याच्या कामावर. पानावर वर कमांड आणि खाली 'चुकल्यास मशीन असे म्हणेल' म्हणून मशीनची ओळ होती. दोन्ही एकाच शाईत. धुम्यांनी दोन्ही ओळी टाइप केल्या. म्हणजे 'चुकीची कमांड' हे शब्द त्यांनी स्वतः मशीनला सांगितले. मशीनने उत्तर दिले, चुकीची कमांड. धुम्यांनी परत टाइप केले. मशीनने परत तेच सांगितले. असे अकरा वेळा झाले. बाहेर येऊन ते म्हणाले, "म्हाका वेडायता तें! हांव म्हणटां तेंच परतून म्हणटा!"

कोरगावकर ते ऐकून हसले नाहीत. त्यांनी धुम्यांच्या हातातले पान घेतले, पट्टी लावली, आणि म्हणाले, "धुम्यांची चूक नाय. पानाची आसा."

त्या काळात मराठी-कोकणीच्या वादावरून या दोघांचा चहासुद्धा एका टेबलावर होत नव्हता. त्यामुळे धुमे एवढे चकित झाले की थँक्यू म्हणायचे राहिले.

आता खरी गोष्ट. कॉम्प्युटरवर बसायला ऑफिसने सुलभाबाईंना घेतले होते. त्यांचा नवरा बार्जवर खलाशी होता, तो गेला, आणि त्याच्या जागी बायकोला नोकरी दिली. वय अठ्ठावीस, मुलगी चार वर्षांची, शिक्षण मराठीतून मॅट्रिक. सहा महिने उमेदवारी. सहाव्या महिन्याच्या शेवटी बार्जवार तक्ता कोणाच्या मदतीशिवाय काढून मॅनेजरसाहेबांना दाखवायचा. निघाला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. पहिल्या महिन्यात त्या दोनदा बाहेर व्हरांड्यात जाऊन डोळे पुसून आल्या. मी काट्यावरून बघितले होते.

दुसऱ्या महिन्यात कोरगावकर मॅनेजरसाहेबांकडे गेले आणि ती चौसष्ट पाने एकसारखी करायला मागितली. साहेब म्हणाले, "करा, पण रोजचं काम सांभाळून."

त्यांची पद्धत अशी. टाइपरायटरच्या फितीत वर काळा पट्टा असतो, खाली लाल. आपण टाइप करायचे ते लालमध्ये. मशीन बोलेल ते काळ्यात. आणि जिथे ज्याने त्याने आपली तारीख, आपला बार्ज नंबर घालायचा, तिथे खाली रेघ. हे ते दिवसातून चार वेळा तरी म्हणत: "लाल ता आपला, काळा ता तेचा, आणि रेघ ती ज्याची त्याची." कमांड इंग्रजी मशीनवर, समजावणी मराठी मशीनवर. म्हणजे प्रत्येक पान आधी इंग्रजी मशीनमध्ये घालायचे, मराठीसाठी बरोबर मापाची जागा सोडायची, मग काढून मराठी मशीनमध्ये घालायचे. शेवटी सगळी पाने शिवून त्यांचे हँडबुक करायचे. एकूण प्रती पाच.

"कार्बन लावा की," मी म्हणालो.

"कार्बनाक रंग कळता काय, मळीकबाब?"

म्हणून पाचही प्रती वेगळ्या. पाने तीनशे वीस, आणि कागद मशीनमध्ये घालणे सहाशे चाळीस वेळा. मी त्यांना हा आकडा सांगितला. ते म्हणाले, "मोजू नकात, माका भय वाटता."

धुमे एकदा येऊन टेबलाशी उभे राहिले. "मराठींत कित्याक? कोंकणींत बरय." म्हणजे कोकणीत लिही.

"बरयलंय असतंय," कोरगावकर मान वर न करता म्हणाले. "पण मशीनाक दोनय येणत नाय. ता दोघांकय सारख्याच गाळी घालता."

धुमे हसले, आणि त्या दिवशी दोघांचा चहा एका टेबलावर आला. मला त्याचा अर्थ नीट कळला नाही, पण ट्रक वेळेवर सुटू लागले.

ही सवय हळूहळू सगळीकडे पसरली. कोरगावकर सुट्टीचा अर्ज दोन रंगांत करू लागले. साहेबांनी काय उत्तर द्यायचे ते काळ्यात आधीच टाइप केलेले असे. पाववाल्या पोदेराला त्यांनी ऑफिससाठी चिठ्ठी दिली, त्यात 'पाव' लाल आणि नगाखाली रेघ. पोदेराने चिठ्ठी उलटसुलट केली आणि विचारले, "लाल कित्याक? कोण दुयेंत आसा?" म्हणजे ऑफिसात कोणी आजारी आहे काय.

मला त्यांनी तपासनीस केले. कमांडमधल्या प्रत्येक शब्दापुढे एक स्पेस, सगळीकडे एकच, न कमी न जास्त, असा त्यांचा नियम. जुन्या पानांत कुठे दोन स्पेस होत्या, कुठे एक, एका ठिकाणी तर नव्हतीच. मी त्यांची नवी प्रत घरी नेऊन दोन रविवार घालवले. स्पेस दोनशे बारा. सगळ्या सारख्या. शेवटच्या पानावर मी 'तपासले' म्हणून सही केली, आणि मला फार समाधान वाटले.

सुलभाबाई त्या लाल ओळींवरून शिकल्या. चौथ्या महिन्यात त्यांचा हात सरावला, पाचव्यात त्या मलाच सांगू लागल्या. "मळीकदादा, काळं टायप करू नका हां!" एकच पान वापरायची वेळ आली नव्हती. ते महिनाअखेरच्या बार्जवार तक्त्याचे. तोवर तो तक्ता पणजीचा माणूस येऊन काढून देई.

तो दिवस आला. कॉम्प्युटरच्या खोलीत साहेब खुर्चीवर, सुलभाबाई मशीनसमोर, मी महिन्याचे वजनाचे आकडे घेऊन भिंतीशी. कोरगावकर काहीतरी निमित्त काढून दारात उभे. सुलभाबाईंनी हँडबुक उघडले, लाल ओळ बोटाने वाचली, टाइप केली, आणि एन्टर दाबले.

चुकीची कमांड.

त्यांनी परत केले. परत तेच. तिसऱ्यांदा एकेक अक्षर बोलून टाइप केले. मशीन ऐकेना.

साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "बाई, सहा महिने झाले."

"साहेब, लिहिलंय तसंच करतेय."

"लिहिलेलं चुकीचं कसं असेल? कोरगावकरांनी केलंय ते."

मी पडद्याकडे बघत होतो, हँडबुककडे बघत होतो, आणि मला दोन्ही सारखेच दिसत होते. मला खरोखर काही कळत नव्हते. बाईंचा हात कळांवर तसाच राहिला होता.

कोरगावकर आत आले. चपला काढायचा नियम होता, तो विसरून आले. पिशवीतून त्यांनी जुने सुटे पान काढले, हँडबुकच्या पानाशेजारी ठेवले आणि पट्टी लावली.

"साहेब," ते म्हणाले, "चूक माझी. जुन्या पानार कमांड आणि बार्जाचो नंबर जोडून आसा. मधी स्पेस नाय. ती मी घातलंय."

"का घातलीत?"

"बाकी सगळीकडे होती म्हणान. माका वाटला, ह्या एकच पान वेगळा कित्या. बायन लिवला तसाच केला, साहेब. तिचा काय चुकला नाय."

सुलभाबाईंनी स्पेस काढून टाइप केले. मशीन क्षणभर थांबले. मग कोपऱ्यातला प्रिंटर खरखरू लागला आणि बार्जवार तक्ता बाहेर यायला लागला. माझे आकडे त्यात टनाटनाला जुळले.

साहेब कोरगावकरांकडे वळले. "तुम्ही स्वतः एकदा चालवून नाही पाहिलंत?"

"नाय साहेब. माझा नाव दारार नाय."

दारावर कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी असलेल्यांची यादी होती. नावे चार. त्यात माझे होते, धुम्यांचे होते. कोरगावकरांचे नव्हते, कारण टायपिस्टला त्याचे काय काम, असे यादी करणाऱ्याला वाटले असावे. साहेबांनी विचारले, मग हे सगळे लिहिले कसे?

"हेंच्या खांद्यामागे उभा रवान," ते म्हणाले. "जेवच्या सुट्टीत. मागसून स्पेस दिसणत नाय, साहेब."

दोनशे बारा स्पेस मी मोजल्या होत्या. त्यातली एक नको होती. 'तपासले' या शब्दाखाली माझी सही होती, आणि मी भिंतीशी गप्प उभा होतो. कोरगावकरांनी माझे नाव घेतले नाही. तेव्हा नाही, आणि नंतर आम्ही दोघेच असताना मी विषय काढला तेव्हाही नाही. "तुमी मोजलास ता बरोबर होता," एवढेच म्हणाले.

साहेबांनी सुलभाबाईंना कायम केले. लिहिले तसे नीट करणारे माणूसच ऑफिसला हवे, असे म्हणाले. मग जाताना ते दारापाशी थांबले, खिशातले पेन काढले आणि यादीत पाचवे नाव लिहिले.

सोमवारी मी वजनाचे कागद द्यायला गेलो, तेव्हा जेवणाची सुट्टी होती. सुलभाबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या खुर्चीची पाठ त्यांनी धरून ठेवली होती.

"काका, बसा की."

"नको गो बाय. मी आपलो हयच बरो."

"बसा म्हणते ना!"

ते बसले. आधी रुमालाने दहाही बोटे पुसली. मिनिटाला साठ शब्दांचा हात, पण त्यांनी एका बोटाने एकेक कळ दाबली, कळ फुटेल अशा भीतीने. ओळ संपली तसा त्यांचा डावा हात सवयीने वर गेला, टाइपरायटरचा दांडा ढकलायला. तिथे काही नव्हते. हात तसाच हवेत राहिला. सुलभाबाईंनी त्यांना एन्टरची कळ दाखवली.

पडद्यावर खाली एक ओळ आली. कोरगावकरांनी ती वाचली, चष्मा काढून परत वाचली. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षे झाली होती आणि दोन बस बदलून ते ज्या घरी जात तिथे दुसरे कोणी नव्हते. हे मला माहीत होते, कधी मोजले नव्हते.

"बाय," ते हळूच म्हणाले, "माझ्याकडे बोलला ता."

"मग? बोलणारच."

"आनी एकदा बोलतला?"

"तुम्ही काहीतरी सांगा आधी," सुलभाबाई म्हणाल्या.

कोरगावकरांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मी कागद टेबलावर ठेवले आणि बाहेर येऊन दार आवाज न करता ओढून घेतले.