ऊन वाया चाललंय!

सकाळी अकराच्या ठोक्याला आमच्या बिल्डिंगच्या कुंपणापलीकडून हाक येते, "ऊन वाया चाललंय!" नवा भाडेकरू असला तर कुठे आग लागली की काय म्हणून धावत खाली येतो. आम्ही जुनी मंडळी मिक्सर काखोटीला मारून निघतो.

हाक देणारे दुमिंगकाका. सातिवलीच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या बैठ्या घरावर सोलर पॅनल बसवले आणि तेव्हापासून सूर्य म्हणजे त्यांच्या घरचीच शेती झाली. पेपरात सौरऊर्जेची बातमी आली की काका भडकतात. "देश म्हने एवढं ऊन पिकवनार, तेवढं ऊन पिकवनार! पिकवा ना! पन खानार कोन?"

खाणारे आम्ही. काकांचं म्हणणं असं, की एकट्या माणसाला वीज लागते कितीशी? उरलेली फुकट जाते. तेव्हा शेजाऱ्यांनी इस्त्री, वाटणघाटण सगळं त्यांच्याकडे येऊन करावं. अट एकच, ढग आला की बटण बंद. एकदा पाटीलवहिनींची चटणी ऐन रंगात आली असताना काका ओरडले, "तुंगारावर ढग! बंद कर, बाय!" वहिनींनी डोंगराकडे पाहिलं. ढगाचा पत्ता नव्हता.

"येल, येल. तवर च्या घे."

ती चटणी दोन कप चहा, चार केळी आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या रेजिनाकाकूंच्या झाडून साऱ्या गोष्टी झाल्यावर वाटून झाली. मी स्वतः एकाच बाहीला इस्त्री केलेला शर्ट घालून दुपारपाळीला गेलेलो आहे.

गेल्या आठवड्यात पॅनल तपासायला मेकॅनिक आला. फाटकाशी मला भेटला आणि माझ्याकडून काकांची ढगाची अट ऐकून हसायलाच लागला. "वाया कसली जातेय? उरलेली वीज तारेतून बाहेर जाते आणि काकांच्या बिलातून वजा होते. आणि ढग आला तरी लाइन आहेच की!"

चोर सापडला! सगळ्या बिल्डिंगला सांगायचं मी मनाशी ठरवूनच टाकलं. आधी काकांची जरा फिरकी घ्यावी म्हणून घरात शिरलो.

काका कपबश्या पुसून मांडत होते. सहा कप होते. मी मेकॅनिकचं बोलणं ऐकवलं, तसा त्यांचा हात थांबला.

"पयल्या दिवसापासून ठावं हाय मला," ते म्हणाले. "पन रेजिना गेली आन दुपारी घर खायला उठतं रे. मिक्सर वाजला की बरं वाटतं. तू सांगितलंस तर कोन येल?"

मला माझीच लाज वाटली. तेवढ्यात भिजवलेल्या डाळीचं पातेलं घेऊन पाटीलवहिनी दारात उभ्या. "काय भाऊजी, कसलं गुपित चाललंय?"

काका माझ्याकडे बघत राहिले. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"गुपित कसलं?" मी खुर्ची पुढे ओढली. "तुंगारावर ढग आलाय, वहिनी. डाळ नंतर वाटा. बसा जरा."