सुमिंत्राचा अख्खा गिलबाका

"डोकं उडवू का? काटे तरी छाटतो," गयानातल्या सहासष्ट नंबर गावच्या धक्क्यावर केलावन कोळ्यानं सुरा उचलत विचारलं.

"हात तर लावून बघ!" सुमिंत्रा कडाडली. "मासा अख्खा जाणार."

त्याला कारणही तसंच होतं. गिलबाका आणि कुरास, दोघेही शिंगाळ्याच्या कुळातले, समुद्रातले चुलतभाऊ. पण गिलबाका पाहुण्यांच्या ताटातला, कुरास रोजच्या कालवणातला. मागच्या खेपेला तिनं लेकीच्या सासरी तुकड्या नेल्या होत्या, त्याही अस्सल गिलबाकाच्या. विहीण इंद्राणीनं चार बायकांसमोर त्या बोटानं उलथ्यापालथ्या केल्या आणि म्हणाली, "कुरास आमच्याकडे कुत्रा खातो हो." आज रविवारी इंद्राणीचं सगळं गोत जेवायला जमणार होतं. डोक्यासकट मासा बघून कोण कुरास म्हणतंय, ते सुमिंत्राला बघायचंच होतं.

न्यू ॲमस्टरडॅम शहराकडे जाणाऱ्या मिनीबसमध्ये ती गोणपाटातला मासा मांडीवर घेऊन बसली. पुढच्या सीटवर काळ्या कोटातले निवृत्त हेडमास्तर फोर्डाइस. चर्चमध्ये भाषण करायला निघालेले. त्यांच्या कोटाचं टोक सीटच्या फटीतून मागे आलं होतं. वाटेत गाय आडवी आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि मासा गोणपाटासकट पुढे झेपावला. त्याच्या पाठीवरचा ताठ काटा गोणपाटातून, कोटातून आरपार जाऊन सीटच्या पाठीत रुतला.

"मला कुणीतरी धरलंय," मास्तर म्हणाले.

"मी नाही, माशानं," सुमिंत्रा म्हणाली.

कंडक्टर ऑरिननं ओढून पाहिलं. काट्याला करवतीसारखे दात. ओढला की कोटही फाटायला लागला, सीटही.

"आंटी, काटा कापावाच लागेल."

"मग अख्खा कसला राहिला तो?"

"एका कुरासापायी एवढा तमाशा..."

"काय म्हणालास?" सुमिंत्रा उभीच राहिली. ऑरिन दोन पावलं मागे सरला आणि मास्तरांकडे वळला. "सर, तुम्ही कोट तरी काढा!"

"मुळीच नाही!" मास्तर गरजले. मग मान वळवून सुमिंत्राला हळूच म्हणाले, "आतला शर्ट पाठीवर फाटलाय. चाळीस वर्षं पोरांना नीटनेटकेपणा शिकवला हो मी."

सुमिंत्रा ड्रायव्हरवर ओरडली, "सर कोट काढणार नाहीत, मी काटा कापू देणार नाही. बस माझ्या विहिणीच्या दारात घे!"

"बस रूट सोडून जात नाही, आंटी."

"मग बसतो आम्ही दोघं रूटवरच, संध्याकाळपर्यंत."

मागून एक बाई म्हणाली, "ने रे बाबा! मासा कोणता ते तरी एकदाचं ठरू दे!"

इंद्राणीच्या दारात भरलेली मिनीबस थांबली, तेव्हा सगळे पाहुणे घराबाहेरच्या जिन्यावर जमले. सुमिंत्रा खिडकीतून ओरडली, "विहीणबाई, मासा आणलाय! पण तुम्हालाच खाली यावं लागेल!"

हातभर सोन्याच्या बांगड्या वाजवत इंद्राणी बसमध्ये चढली. सुमिंत्रानं गोणपाट फाडून डोकं उघडं केलं. "नीट बघा. कुरास आहे?"

इंद्राणी माशावर वाकली. तेवढ्यात तिचा दीर कोयता घेऊन आला. सुमिंत्रानं दोन्ही हात माशावर ठेवले. "आधी हे तोडा!"

"सरका," इंद्राणी म्हणाली. तिनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, काट्याच्या बुडाशी असलेलं बारीक हाड अंगठ्यानं दाबलं आणि दुसऱ्या हातानं मासा हलकेच उचलला. काटा छत्रीसारखा मिटत अलगद बाहेर आला. कोटाचा आणखी एक धागाही तुटला नाही. मास्तर टुणकन उठले.

"वहिनी," दीर आ वासून म्हणाला, "हे कुठे शिकलीस?"

इंद्राणीचा चेहरा उतरला. आपले वडील साखर कारखान्यात कारकून होते, असं तिनं या घरात तीस वर्षं सांगितलं होतं. ती सुमिंत्राकडे झुकून पुटपुटली, "पंधरा वर्षांची होईतो धक्क्यावर मासे साफ केलेत मी. नुसत्या वासावरून ओळखते."

म्हणजे त्या तुकड्याही तिनं ओळखल्या होत्या! सुमिंत्राच्या कानशिलांत रक्त चढलं. खिडक्या-खिडक्यांतून सगळं सासर कान टवकारून होतं. विहिणीचं बिंग फोडायला एक वाक्य पुरेसं होतं. तिनं मोठा श्वास घेतला.

"मी शिकवलं फोनवर!" ती ओरडली. "तीन महिने लागले बाईंना! हात भारी जड!"

इंद्राणीनं तिच्याकडे जळजळीत पाहिलं. मग गोणपाटासकट मासा खांद्यावर टाकला, नव्या झग्यावर पाणी ओघळू दिलं आणि बसमधून उतरत जिन्याकडे तोंड करून ओरडली, "सरका सगळे! गिलबाका येतोय, गिलबाका!"