सगुणबाबांचं दुसरं घर

मला मुलगा झाला तेव्हा मी दुकानात पेढे वाटले. सगुणबाबांनी पेढा तळहातावर घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बरें जालें. दुसरो खंय आसा?"

दुसरा कुठे आहे, हे ते पेढ्याबद्दल विचारत होते की मुलाबद्दल, ते मला आजवर कळलेलं नाही. पेढा मी लगेच दिला. मुलाचं यथावकाश जमलं.

जगातल्या कुठल्याही एकट्या वस्तूवर सगुणबाबांचा विश्वास नव्हता. एक छत्री दुकानात, दुसरी खोलीवर. एक घड्याळ मनगटावर, दुसरं खिशात, आणि दोघांत फरक पडला की समोरच्या हॉटेलात जाऊन तिसरं बघायचं. चष्मे दोन होते. दुसरा हरवला की तो शोधायला पहिला लावायचे. पँटला पट्टा असूनही आतून नाडी बांधायचे असं दुकानाचे मालक, आमचे शेट, म्हणत, पण त्याची खात्री करून घ्यायचं धाडस आमच्यात कोणी केलं नाही. लग्न मात्र त्यांनी एकदाही केलं नव्हतं. कोणी डिवचलं तर म्हणायचे, "तांतूंत दुसरीची सोय ना."

आमचं दुकान डिचोलीच्या बाजारात, नाटकाच्या ड्रेपरीचं. गोव्यात देऊळ तिथे जत्रा आणि जत्रा तिथे नाटक. दिवसा खाणीवर ट्रक चालवणारा माणूस त्या रात्री कंस होतो, बँकेतला कारकून अर्जुन होतो, आणि दोघांनाही मुकुट, शेला, तलवार आणि दाढी आमच्याकडून भाड्याने लागते. मुकुट मोजके आणि देवळं भरपूर. त्यामुळे धंद्याचं खरं भांडवल कपाटातल्या मुकुटांत नव्हतं. कोणत्या रात्री कोणत्या गावाला काय द्यायचं, ह्या तारखांत होतं. त्या तारखा सगुणबाब सांभाळायचे, अर्थातच दोन कॅलेंडरांवर.

गोवा घटक राज्य झाल्यावर काही वर्षांनी आमच्या शेटांना कम्प्युटर घ्यायची हुक्की आली. मी म्हापशाला कोर्स करून आलेलो, म्हणून त्या यंत्राबरोबर मीही दुकानात आलो. सगुणबाबांनी कम्प्युटरभोवती एक प्रदक्षिणा घातली, मागच्या वायरी बघितल्या आणि मला विचारलं, "आनी हो मेलो जाल्यार?"

मी नव्याने शिकलेला. यंत्र सहसा मरत नाही, असं ऐटीत सांगितलं.

"म्हजो बापूयय सहसा मरना आसलो," ते म्हणाले, आणि फ्लॉप्या आणायला मला परत म्हापशाला पिटाळलं.

तेव्हापासून रोज दुकान बंद करताना दिवसभराच्या तारखांची नक्कल एका फ्लॉपीवर घ्यायची आणि ती कपाटात ठेवायची. शनिवारी आणखी एक नक्कल काढायची. ती बिस्किटांच्या डब्यात घालून सगुणबाब स्वतः बसने पेडण्याला आपल्या गावी नेऊन ठेवायचे. मी म्हटलं, कपाटात एक आहे ना, मग एवढ्या लांब कशाला? तेव्हा त्यांनी मला त्यांच्या वडिलांचं सांगितलं. वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताचं बी वडील गवताच्या मुडीत बांधून ठेवत, पण सगळं कधी आपल्या घरात ठेवत नसत. एक मुडी आपल्या माळ्यावर आणि एक पलीकडच्या वाड्यावर, चुलत्याच्या घरी. चुलत्याची एक मुडी ह्यांच्याकडे. आग लागली, उंदीर लागले तरी एका घराला लागतील.

"बी एकाच घरांत दवरप न्हय," सगुणबाब म्हणाले. "आनी दुसरें घर विश्वासाचें जाय."

एका शनिवारी बस चुकली म्हणून मी त्यांना माझ्या स्कूटरवरून नेलं आणि ते विश्वासाचं घर पाहिलं. ते त्यांच्या थोरल्या भावाचं, अनंतदादांचं घर होतं. दादा अंगणालगतच्या सोप्यावर, म्हणजे बसायच्या कट्ट्यावर बसले होते. सगुणबाब अंगणात गेले आणि एक शब्द न बोलता डबा सोप्यावर ठेवला. दादांनी तोंड न उघडता तो उचलून आत नेला आणि गेल्या शनिवारचा डबा आणून त्याच जागी ठेवला. वहिनींनी चहा दिला. तो सगुणबाबांनी उभ्याउभ्याच प्यायला, दाराकडे पाठ करून. आणि आम्ही निघालो. मी जन्मात इतका शांत व्यवहार पाहिलेला नाही.

वाटेत कोलवाळच्या पुलावर त्यांनी आपण होऊनच सांगितलं. राजभाषेचा वाद पेटला होता तेव्हा एक भाऊ मराठीच्या बाजूने होता आणि एक कोंकणीच्या. जेवता जेवता भांडण जुंपलं, ताटं तशीच राहिली, आणि सगुणबाब जे उंबरा ओलांडून बाहेर पडले ते डिचोलीत खोली घेऊन राहिले. कोण कोणत्या बाजूला होता ते मी इथे सांगत नाही. दोघेही भांडले त्याच एका बोलीत, जी त्यांना आईने शिकवली होती. राज्यातला वाद यथावकाश निवळला. आमच्या दुकानात तर दोन्ही बाजूंची माणसं एकाच मुकुटासाठी रांगेत उभी असत. ह्या घरातला वाद मात्र तसाच राहिला, कारण आधी बोलायचं कोणी, हे ठरलं नव्हतं.

"मग त्यांच्याकडेच का ठेवता फ्लॉपी?" मी विचारलं.

"विश्वासाचें घर तेंच एक," ते म्हणाले.

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी लोक शस्त्रं पुजतात, आम्हीही पुजायचो. आमची शस्त्रं लाकडाची असली तरी शेटांची भक्ती खरी होती. गदा, धनुष्यं, चांदीचा कागद लावलेल्या तलवारी मांडून झाल्या आणि सगुणबाब झेंडूची फुलं आणायला गेले. मी दाराला तोरण बांधत होतो. तेवढ्यात शेटांच्या मनात आलं की धंद्याचं खरं शस्त्र तर कम्प्युटर. त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं आणि टेबलाच्या कडेवर नारळ फोडला. नारळ भरलेला निघाला. पाणी सरळ यंत्रात गेलं. कोणाला वगळल्यासारखं नको म्हणून त्यांनी कपाटातली फ्लॉपीही तबकात घेतली आणि तिच्यावर तुळशीच्या पानाने तीर्थ शिंपडलं, चांगलं सढळ हाताने.

मी धावलो तेव्हा यंत्रातून चुर्र असा आवाज येऊन करपल्याचा वास सुटला होता. शेट हात जोडून उभे होते.

सगुणबाब फुलं घेऊन परतले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. फुलं खाली ठेवली आणि विचारलं, "दुसरी?"

शेटांनी तबकाकडे बोट दाखवलं.

त्याच वेळी फोन वाजला. शिरगावची नाटक मंडळी विचारत होती, आमच्या तारखेला कृष्णाचा मुकुट पक्का ना? शेटांनी पक्का म्हणून सांगितलं. फोन ठेवतात तोवर फोंड्याकडच्या एका देवस्थानाचा आला. तीच तारीख, तोच मुकुट. शेटांनी त्यांनाही पक्का म्हणून सांगितलं, कारण नाही म्हणायला आधार काहीच उरला नव्हता. सगळा हंगाम पुढे होता. अशा दोनचार रात्री झाल्या असत्या, कृष्ण बोडक्या डोक्याने रंगमंचावर आला असता, तर पुढच्या वर्षी आमच्या दारात कोणी उभं राहिलं नसतं. आणि कॅलेंडरं? ती कम्प्युटर आल्यावर मीच हट्टाने बंद करायला लावली होती.

"म्हणजे आता पेडण्याची एकच राहिली," मी म्हटलं.

सगुणबाबांचा चेहरा उतरला. एकाच वस्तूवर भिस्त ठेवायची वेळ त्यांच्यावर बहुतेक पहिल्यांदाच आली होती.

आम्ही स्कूटर काढली. वाटभर ते मागून माझा खांदा धरून बसले होते.

दादांच्या घरी पोचलो तर सोपा रिकामा. दार उघडं. वहिनी देवळात गेल्या होत्या. सगुणबाब नेहमीच्या जागी उभे राहिले आणि खाकरले. आतून दादांचा आवाज आला, "कोण? सगुण?"

इतक्या वर्षांत त्या घरातून त्यांच्या नावाने आलेली ती पहिली हाक असावी. मीच ओरडून सगळं सांगितलं. कम्प्युटर गेला, कपाटातली गेली, आता शनिवारची तेवढी द्या.

"आसा. सुकी आसा," दादा आतून म्हणाले. "पूण म्हजो पांय मुरगळला. म्हाका उठूंक जायना. भितर येवन व्हर."

सगुणबाबांनी मला हळूच ढकललं. "तूं वच."

मी उंबऱ्यावर पाय ठेवला. आत अंधारात दादा खाटेवर बसले होते, डबा मांडीवर घट्ट धरून. त्यांनी मला नीट निरखून पाहिलं.

"तुका दिवची ना," ते म्हणाले. "बी परक्याच्या हातांत दियनात. जाका जाय ताणें येवंक जाय."

ज्याला हवी त्यानेच यावं, हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की अंगणात स्पष्ट ऐकू जावं. मी बाहेर आलो. सगुणबाब चपलांकडे बघत होते. मला भीती वाटली की हा माणूस हंगाम बुडवील, पण आत जाणार नाही. मग त्यांनी चपला काढल्या. एका बाजूला, नीट जोडून. आणि आत गेले.

मी दाराशीच राहिलो. दादांनी डबा त्यांच्या हातात दिला. "उंदरांक लागून पेटयेंत दवरतां," ते म्हणाले. "रेडियोकडेन न्हय, तातूंत लोहचुंबक आसता. तुवें सांगिल्लें तें तुज्या वहिनीन म्हाका सांगलां." सगुणबाबांनी मान हलवली.

माळ्यावर गवताच्या दोन मुड्या टांगलेल्या होत्या, सारख्याच बांधणीच्या. मला बोलायला काहीतरी हवं होतं, म्हणून मी विचारलं, "दादा, दोन कशाला?"

"एक म्हजी," दादा म्हणाले. "एक ताची. दर वर्सा बांदतां. चुलत्यालें घर मोडलें, आतां दुसऱ्या घरांत दवरूंक खंय आसा?"

सगुणबाब मुड्यांकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसू लागले. पुसताना दुसराही खिशातून काढला आणि तोही पुसला.

परतताना ते स्कूटरवर मागे बसले होते. फ्लॉपी शर्टाच्या खिशात होती आणि मांडीवर कलिंगडाएवढी मुडी होती. तिच्यातले चार दाणेही पेरायला डिचोलीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत जागा नव्हती.

"ही आता ठेवणार कुठे?" मी विचारलं.

"खोलयेच्या माळ्यार," ते म्हणाले. "दिवाळे उपरांत परत घरा व्हरपाची. दोगांनीय पेरपाची अशें दादा म्हणटा."

शेटांनी दुसरा कम्प्युटर आणला. फ्लॉपी लागली, तारखा जशाच्या तशा निघाल्या. मुकुट शिरगावचा होता. फोंड्याकडच्यांना शेट स्वतः जाऊन भेटले आणि त्या मंडळींनी नाटक एक दिवस पुढे ढकललं.

पुढे फ्लॉप्या गेल्या. मी सगुणबाबांना म्हटलं, आता नक्कल फोनच्या तारेवरून लांब कुठेही पाठवता येते, शनिवारी बसने जायची गरज नाही. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"आनी दादा कोणाची वाट पळयतलो?" ते म्हणाले, आणि दोन्ही छत्र्या घेऊन बस पकडायला निघाले.