तेहतीस अनारसे आणि अठरा एमबीचा फेटा

त्या शनिवारी डबा खाऊन झाल्यावर माझ्यापुढे दोन पर्याय होते. खुर्चीतल्या खुर्चीत पाच मिनिटं डुलकी काढायची, किंवा माझ्या वेबसाईटला वाचक मिळवून द्यायचे. डुलकी काढली असती तर पुढचं काही घडलं नसतं आणि जेवणही नीट पचलं असतं.

मी ज्ञानेश्वर वर्पे, संगमनेरच्या एका दूध संस्थेत हेडक्लार्क. दिवसभर फॅटचे आकडे लिहिणाऱ्या माणसाला संध्याकाळी काहीतरी वेगळं लिहावंसं वाटतं. म्हणून चार वर्षांपूर्वी मी ‘ज्ञानेश्वराची ओसरी’ नावाची वेबसाईट काढली. सगळं स्वतः शिकून केलं. (ते बघितल्यावर कळतंच, असं आमचे साहेब म्हणाले होते. मी ते कौतुक समजलो.) आजवर एक्केचाळीस विनोदी लेख त्यावर चढवलेत. रोज किती लोक येऊन गेले हे दाखवणारा एक आकडा खाली कोपऱ्यात असतो. तो रोज दोन दाखवायचा. त्यातला एक मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून आणि दुसरा मीच, मोबाईलवरून.

बेचाळिसावा लेख मात्र जमून आला होता. ‘तेहतीस अनारसे आणि एक दाढ’. विषय धोंड्याच्या महिन्याचा. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, सासरची माणसं जावयाला बोलावून पाय धुतात, कपडे करतात आणि तेहतीस अनारसे देतात. मागच्या धोंड्याला सासूबाईंच्या पहिल्याच अनारशानं माझी उजवीकडची दाढ घेतली. तेव्हा मी शेंगदाण्यात खडा होता असं सांगून वेळ मारून नेली. खरी गोष्ट फक्त बायकोला, विजयमालाला ठाऊक होती आणि तिच्याकडून मी शपथ घेतली होती. कारण सासूबाई, म्हणजे राहीबाई, सत्तरीच्या. जावयाला गोड लागावं म्हणून चार दिवस तांदूळ भिजवून, कुटून, चाळून पीठ करणारी बाई. तिला हे कळलं असतं तर तिनं पुन्हा कढईला हात लावला नसता.

आणि हे सगळं मी लेखात लिहून ठेवलं होतं. शिवाय ‘मुळा धरणाची भिंत या अनारशांची बांधली असती तर सिमेंट वाचलं असतं’ असं एक वाक्य होतं. त्यावर मी स्वतःच दोनदा हसलो होतो.

मोबाईलवर वेबसाईटच्या सेटिंगमध्ये त्या दिवशी मला एक बटण दिसलं, ‘सर्व संपर्कांना कळवा’. मला वाटलं, ऑफिसातले चार, कॉलेजचे दोन, एवढ्यांना जाईल. दाबलं. फोन थरथरला आणि पडद्यावर आलं : ‘२१४ जणांना लिंक पाठवली.’

दोनशे चौदा. माझ्या फोनमध्ये दोनशे चौदा माणसं आहेत हे मला तेव्हा कळलं. गॅसवाला, दाढेचा डॉक्टर, विजयमाला, मेहुणा कानिफनाथ, आणि त्याच्या खाली ‘राहीबाई सासूबाई’. उद्या रविवार. उद्याच आम्हाला राहुरीला धोंड्याचं आवतण होतं.

मी लेख काढून टाकायला धावलो. वेबसाईट म्हणाली, सुरक्षेसाठी पासवर्ड पुन्हा टाका. मी लग्नाची तारीख टाकली. चूक. विजयमालाचा वाढदिवस टाकला. चूक. (यावरून घरी काय समजायचं ते समजा.) तिसऱ्यांदा घाबरून पहिलाच परत टाकला, तेव्हा वेबसाईटनं मला माझ्याच ओसरीवरून चोवीस तासांसाठी बाहेर काढलं.

कोपऱ्यातला आकडा इकडे चढत होता. नऊ, सतरा, एकतीस. चार वर्षं ज्या आकड्याची वाट बघितली तो आता एकेका पायरीनं माझ्या उरावर चढत होता. मेसेज यायला लागले. गॅसवाला म्हणाला, ‘छान.’ दाढेचा डॉक्टर म्हणाला, ‘झकास, सर.’ आणि चार वाजता कानिफनाथचा मेसेज आला : ‘दाजी, उघडलं. आईला बी दावलं. उद्या या, बोलू.’

उद्या या, बोलू. मी साहेबांना सांगून घरी गेलो.

घरी आल्या आल्या विजयमालाच्या फोनचा डाटा बंद करून ठेवला. तासाभरानं ती म्हणाली, “अहो, नेट येत नाही.”

“टॉवर पडला असेल.”

“शेजारी रतनबाईंचं चालू आहे.”

“त्यांचा टॉवर वेगळा.”

तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की बायका बोलत नाहीत, नुसतं बघतात.

रविवारी सकाळी आमची जुनी मारुती लोणीवरून निघाली. कोल्हारला थांबून मी दोन किलो पेढे घेतले.

“जावई पेढे घेऊन धोंड्याला निघालाय, हे पहिल्यांदाच बघते,” विजयमाला म्हणाली. “तुम्ही काही केलंय का?”

“माणसानं सासूवर प्रेम करू नये का?”

“करावं. पण दोन किलो?”

राहुरीच्या पुढे कालव्याच्या कडेला सासरची वस्ती आहे. दारात पाट मांडलेला, परातीत पाणी, बाजूला ताट झाकून ठेवलेलं. शेजारच्या छबूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कानिफनाथ उभा होता आणि गालातल्या गालात हसत होता. ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

आम्ही दोघं पाटावर उभे राहिलो. राहीबाई खाली बसल्या आणि माझ्या पायांवर पाणी घालायला लागल्या. वाकल्या वाकल्या त्यांनी पदरानं डोळे पुसलेले मला दिसले. सत्तर वर्षांची बाई, ज्यानं तिच्या अनारशांना जगापुढं आणलं त्याचे पाय धुतेय. माझा धीरच सुटला.

“आई, माफ करा मला,” मी म्हणालो. “तो लेख मी काढून टाकतो. दाढेचं लिहायला नको होतं. धरणाचं तर मुळीच नको होतं.”

राहीबाईंनी तांब्या खाली ठेवला. पायावरचं पाणी तेवढं ओघळत राहिलं.

“कंचं धरान?” राहीबाईंनी विचारलं.

“तेच, लेखातलं. कानिफनं तुम्हाला दाखवलं ना?”

“त्यानं फोटू दावला. तुमचा फेट्यातला. लई झ्याक दिसतायसा म्हनलं मी.”

मी कानिफनाथकडे वळलो. “अरे, आणि खालचं?”

“खाली काय यीनाच की, दाजी. फोटू आला निम्मा, मग समदा, आन् मग नुसतं गोल गोल फिरतंय. पाच मिंटं धरून बसलो. म्हनलं उद्या दाजी आलं की बोलू, एवढा मोठा फोटू कुटं काढला. भिंगारच्या लग्नातला हाय न्हवं?”

भिंगारच्या लग्नातलाच होता. फोटोग्राफरनं दिलेला, फेटा आणि गॉगल घातलेला, अठरा एमबीचा. मीच तो हौसेनं वेबसाईटच्या अगदी वर लावला होता. एकदा उतरला की माझा फोन तो जपून ठेवतो, म्हणून मला साईट झटकन उघडायची. बाकीच्यांचा फोन माझ्या फेट्यापाशीच दमून बसायचा.

“मी पण कालच बघितलं, तुम्ही नेट बंद करायच्या आधी,” विजयमाला म्हणाली. “फोटो आला आणि मी बंद केलं. हे तोंड घरी बघतेच की.”

म्हणजे कुणीच वाचलं नव्हतं. त्या क्षणी मला एवढं हलकं वाटलं की पाटावरून खाली उतरताना मी जवळजवळ उडीच मारली. गॅसवाल्याचं ‘छान’ फोटोला होतं. डॉक्टरचं ‘झकास’ फोटोला होतं. अठरा एमबीच्या फेट्यानं माझी अब्रू वाचवली होती.

“पन डोळं का पुसलंसा, आई?” मी विचारलं. (सासरी गेलं की माझी भाषा आपोआप बदलते.)

“मोतीबिंदूचं आपरेशन झालंय. पानी येतंय.” मग त्या उठल्या आणि झाकलेलं ताट पुढे केलं. “आन् दाढंचं म्हनाल, तर ते मला तवाच ठावं हाय. इजूनं त्याच दिशी फोनवर सांगितलं.”

मी बायकोकडे बघितलं. ती कालव्याकडे बघत होती.

“तुमी मला वाईट वाटू नये म्हून खडा म्हनला, तवा मीबी काय बोलले न्हाई,” राहीबाई म्हणाल्या. “पन तीन वर्सं मनात हुतंच. या बारीला पीठ बारीक चाळलं, तूप जादा घातलं. पहिला घाना छबूबाईला दिला. तिच्या तोंडात एक दात न्हाई. तिनं चार खाल्लं. मग म्हनलं, जावयाला चालत्याल.”

छबूबाईंनी भिंतीला टेकूनच मान हलवली.

मी एक अनारसा तोंडात टाकला. तो जिभेवर विरघळला. मी दुसरा घेतला, तिसरा घेतला. माझाही डोळा जरा ओला झाला होता, आणि मला तर मोतीबिंदूही झालेला नाही. तीन वर्षं मी या बाईपासून एक दाढ लपवत होतो आणि ती बाई तीन वर्षं त्याच दाढेची काळजी करत होती. मला स्वतःची लाज वाटली आणि अकरावा अनारसा खाल्ला तेव्हा थोडी कमी झाली.

“धरनाचं काय ते सांगितलं न्हाई तुमी,” कानिफनाथ म्हणाला.

“पेढे घे,” मी म्हणालो.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी पहिलं काम लेखाचं केलं. पासवर्ड सापडला. (तो म्हणजे साईटचंच नाव होतं.) दाढेचा लेख काढून टाकला. मग बसून नवा लिहिला, तेहतीस मऊ अनारशांवर, आणि त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. चार वर्षांत लिहिलेला तो माझा सगळ्यात चांगला लेख. राहीबाईंना तो वाचता यावा म्हणून मन घट्ट करून अठरा एमबीचा फेटा उतरवला. साईट पापणी लवायच्या आत उघडायला लागली. बटण दाबलं, पुन्हा दोनशे चौदा जणांना लिंक गेली, आणि मी कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत बसलो.

दहा मिनिटांनी कानिफनाथचा मेसेज आला :

‘दाजी, तुमची साईट बिघडली. फोटू गेला आन् नुसती बारीक बारीक अक्षरं आल्यात. आई इचारती, जावई कुठं गेलं?’